शाईपेन की बॉलपेन?

रोजची डायरी सुरू करणाऱ्या भाचीने विचारलं, "मावशी, शाईपेन घेऊ की बॉलपेन?" गेल्या वर्षी मी पुन्हा शाईपेनकडे वळले आणि वर्षभरातली माझी सगळ्यात लाडकी वस्तू तीच ठरली. तरी बॉलपेन पर्समधून गेलेलं नाही.

खरा फरक हाताला कळतो. बॉलपेनची शाई दाट, तेलकट. हंगेरियन पत्रकार लास्लो बिरोने १९३८ मध्ये बॉलपेनचं पेटंट घेतलं ते याच दाट, झटकन वाळणाऱ्या शाईच्या जोरावर. पण टोकाची गोळी फिरवायला दाब द्यावाच लागतो आणि चार पानांनंतर अंगठा भरून येतो. शाईपेनची पातळ शाई निबच्या चिरेतून आपसूक उतरते. नुसतं टेकवलं की अक्षर ओलं चमकतं, मग हळूहळू मुरतं. ते बघायलाच मी दोन ओळी जास्त लिहिते.

निगा मात्र हवी. अधूनमधून साध्या पाण्याने धुवायचं, टोपण उघडं ठेवायचं नाही. पातळ कागदावर शाई फुटते, पाणी सांडलं तर बहुतेक शाया ओघळतात. बॉलपेनला असले लाड लागत नाहीत. खर्च म्हणाल तर शाईपेन सुरुवातीला महाग, पण शाईची एक बाटली कितीतरी महिने पुरते.

फॉर्म भरायचे, कार्बन कॉपी काढायची, उभ्या उभ्या सही करायची, तर बॉलपेनच. रोज निवांत पानभर लिहायचं असेल, तर शाईपेन घे गं.