बाळंतपण आणि पदव्युत्तर शिक्षण: सवलत मागावी, वर्षभर थांबावे की मुक्त विद्यापीठात जावे?

पदव्युत्तर वर्गात शिकत असताना दिवस गेलेल्या विद्यार्थिनीपुढे तीन वाटा असतात: प्रवेश कायम ठेवून रजा व उपस्थितीत सवलत मागणे, वर्षभर थांबून परत येणे, किंवा मुक्त विद्यापीठात नव्याने नाव घालणे. घरातून बहुधा चौथी वाट सुचवली जाते, ती म्हणजे शिक्षणच थांबवणे. ती स्वीकारण्यापूर्वी पहिल्या तीन वाटा नीट तपासायला हव्यात, कारण ‘कॉलेजात चालत नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर अनेकींचे शिक्षण कायमचे सुटते.

सव्वीस आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झाली, परंतु ती नोकरदार स्त्रियांसाठी आहे. विद्यार्थिनीचा मुख्य आधार विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आणि पत्रे हा असतो, आणि तेथे पीएच.डी. करणारी व एम.ए. करणारी यांच्या हक्कांत मोठी तफावत आहे.

पीएच.डी.च्या बाबतीत २०२२ ची नियमावली स्पष्ट आहे. संशोधक विद्यार्थिनीला संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा मिळू शकते. प्रबंधाची कमाल मुदत सहा वर्षांची असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षे, म्हणजे एकूण दहा वर्षांपर्यंत सवलत देता येते. त्यामुळे बाळंतपणासाठी पीएच.डी.ची नोंदणी रद्द करणे मला सर्वथा चुकीचे वाटते. अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) मिळत असेल, तर रजेच्या काळात ती चालू राहील का, हे मात्र वेगळे आणि लेखी विचारावे.

पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी आयोगाने १४ डिसेंबर २०२१ रोजी विद्यापीठांना पत्र पाठवून प्रसूती रजेचे, उपस्थितीतील शिथिलतेचे आणि परीक्षा अर्जाच्या मुदतवाढीचे नियम करण्यास सांगितले. दिवस किती आणि टक्के किती, हे विद्यापीठांवर सोपवले गेले. केरळने जानेवारी २०२३ मध्ये राज्य विद्यापीठांतील अठरा वर्षांवरील विद्यार्थिनींसाठी ६० दिवसांची रजा जाहीर केली, म्हणजे आकडा ठरवणे अशक्य नाही. आपल्या विद्यापीठाने असे परिपत्रक काढले आहे का, हा पहिला प्रश्न प्राचार्यांच्या कार्यालयात विचारायचा.

रजा मंजूर होणे आणि उपस्थिती भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फसगत येथेच होते. नव्वद दिवसांच्या सत्रात साठ दिवस रजा घेतली आणि ते दिवस एकूण दिवसांतून वगळले नाहीत, तर उरलेले तीस दिवस रोज वर्गात बसूनही परीक्षेसाठी सहसा लागणारे ७५ टक्के भरत नाहीत. रजा मंजूर असूनही परीक्षेला बसता येत नाही. मेरठच्या चौधरी चरणसिंह विद्यापीठातील एम.एड.च्या एका विद्यार्थिनीला तर रजाच नाकारली गेली होती. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठाचा नकार रद्द केला आणि तिच्या ५९ दिवसांच्या प्रसूती रजेचा फेरविचार करण्यास सांगितले. न्यायालयापर्यंत जाणे प्रत्येकीला झेपणारे नाही, पण हा निकाल अर्जासोबत जोडता येतो.

आता निवडीकडे येऊ. एम.ए., एम.कॉम. यांसारख्या लेखी परीक्षेवर भर असलेल्या अभ्यासक्रमात पहिली वाट सर्वांत सोयीची ठरते. बी.एड.चे तसे नाही. तेथे वर्ग व प्रात्यक्षिकांना ८० टक्के आणि शाळेतील आंतरवासितेला (इंटर्नशिपला) ९० टक्के उपस्थिती लागते. वीस आठवड्यांची ती धावपळ शेवटच्या महिन्यांत वा ओल्या बाळंतिणीने करणे कठीण. मात्र हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कमाल तीन वर्षांत पूर्ण करता येतो, म्हणून मी येथे वर्षभर थांबण्याचा सल्ला देईन. हे राखीव वर्ष एकच असल्याने आधी कशात अनुत्तीर्ण झाल्यास ते शिल्लक राहील का, याचा हिशोब आधी करावा. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.त तर उपस्थितीइतकाच प्रश्न प्रयोगशाळेतील द्रावकांचा आणि वाफांचा आहे. डॉक्टरांचे पत्र घेऊन प्रात्यक्षिके पुढील सत्रात ढकलून मागावीत.

मुक्त विद्यापीठ ज्यांनी अजून प्रवेश घेतलेला नाही त्यांच्यासाठी उत्तम आहे. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) दोन वर्षांचे एम.ए. चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येते आणि सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबर अशा दोनदा होतात, त्यामुळे प्रसूतीची तारीख एका परीक्षेच्या आसपास आली तरी दुसरी हाताशी असते; स्वाध्याय मात्र वेळेवर द्यावेच लागतात. नियमित अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात असणारीने तिकडे वळू नये. आधीचे श्रेयांक (क्रेडिट) नव्या ठिकाणी आपोआप धरले जात नाहीत, आणि वसतिगृह व शिष्यवृत्तीही हातची जाऊ शकते.

पहिली किंवा दुसरी वाट धरायची असल्यास विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना अर्ज द्यावा, तोही सातवा महिना लागण्यापूर्वी. त्यात प्रसूतीची अंदाजे तारीख, मागितलेले दिवस, उपस्थिती कशी मोजावी याची विनंती आणि हुकणाऱ्या अंतर्गत परीक्षांची यादी असावी. बाळाला घेऊन परतल्यावर दूध पाजण्यासाठी खोली मिळेल का आणि कर्मचाऱ्यांसाठीचे पाळणाघर विद्यार्थिनींना खुले आहे का, हेही त्याच अर्जात विचारावे. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी.