जर्मनीच्या अर्जाचं २८ हजारांचं पॅकेज : आठ महिन्यांनंतर

काल कन्सल्टन्सीचा मेसेज आला, "सर, गुगलवर फाइव्ह स्टार द्या ना." म्हटलं, आता सगळंच लिहितो.

जर्मनीतल्या विद्यापीठांत प्रवेशाचे अर्ज करायला ऑक्टोबरात यांना २८,००० रुपये भरले. तेव्हा आमचं सोयाबीन चार हजारानं गेलं होतं, म्हणजे सात क्विंटल. बाबा पैसे मोजता मोजता म्हणाले, "फॉर्म भराचे इतले?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, फॉर्म नाही, प्रोफाइल बनवतात. तो शब्द आठवला की आता माझा मलाच राग येतो.

पॅकेजमध्ये विद्यापीठं सुचवणं, मोटिव्हेशन लेटर (हा अभ्यासक्रम का करायचाय ते विद्यापीठाला सांगणारं पत्र), कागद तपासणं आणि अर्ज भरणं येतं. एपीएसचे, म्हणजे आपल्या मार्कशीटा-पदव्या खऱ्या असल्याच्या जर्मन प्रमाणपत्राचे १८,००० वेगळे, म्हणजे आणखी साडेचार क्विंटल. पण ते दिल्लीला जातात, कन्सल्टन्सीला नाही. नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एपीएस लागतंच, त्याचा दोष यांना देत नाही.

माझं भांडण मोटिव्हेशन लेटरच्या पहिल्या ओळीशी आहे. महिनाभर थांबवून यांनी जो मसुदा दिला तो असा सुरू होत होता: लहानपणापासूनच मला शेतीविषयी विलक्षण आकर्षण होतं. साफ खोटं. वावरात जायचं टाळायला मी पोटदुखीचं सोंग करायचो. दिवाळीची सुट्टी कापूस वेचण्यात जायची, बोंडाच्या टोकांनी नखाजवळची कातडी सोलायची. कसलं आकर्षण? पुढं नेरची एक मुलगी भेटली, तिचंही पॅकेज इथलंच. तिच्या लेटरात हीच ओळ, फक्त शेतीच्या जागी अन्नतंत्रज्ञान. विचारलं तर उत्तर, "सर, हे फॉरमॅट चालते."

बाबांना मसुदा मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, "हे त कोनीबी लिवन. आपल्या वावरात डोमकळ्या पायल्या तवा तू काय केलं, थे लिव ना."

मग बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या शेवटच्या वर्षाची, गावात राहून करायच्या कामाची वही काढली. डोमकळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गुलाबी बोंडअळीनं पाकळ्या आतून चिकटवलेल्या असतात, फूल उमलतच नाही. बोटानं उलगडलं की आत अळी. मी तेव्हा कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासानं नर पतंग ओढून धरणाऱ्या) पतंग रोज सकाळी मोजत होतो. सापळ्यामागे आठ पतंग सलग तीन रात्री सापडले की फवारणीचा विचार करायचा, असा नियम. आमच्या सापळ्यात तो आकडा गाठायच्या आधीच गावातल्या बहुतेकांनी फवारा मारला होता, कारण शेजाऱ्यानं मारला होता. मोजणी शिकवूनही कोणी मोजत का नाही, हाच माझा प्रश्न. तेवढंच लिहिलं, आणि तो प्रश्न ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करत होतो त्यातल्या कीड व्यवस्थापनाच्या विषयाला नेऊन जोडला. दीड पान झालं.

कन्सल्टन्सीनं ते "पॉलिश" करून परत पाठवलं. सगळ्यात वर, ठळक अक्षरात: लहानपणापासूनच.

त्या दिवशी फोनवर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. लेटर माझं मीच अपलोड केलं.

पैशांचंही ऐका. युनि-असिस्टमधून (बऱ्याच जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) जाणाऱ्या पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३० लागतात. माझे चार अर्ज, म्हणजे १६५. यांनी चार वेळा ७५ लावून ३०० घेतले. १३५ युरो, शंभराच्या भावानं साडेतेरा हजार, तीन क्विंटलच्या वर सोयाबीन! पावती मागितली तेव्हा "अ‍ॅडजस्ट करू" म्हणाले, ते अजून करतच आहेत. ग्रेडचंही तसंच. आपले गुण जर्मन ग्रेडमध्ये बदलायच्या बव्हेरियन सूत्रात पास होण्याचा किमान आकडा यांनी ४ धरला, माझ्या ट्रान्सक्रिप्टवर ५ आहे. ७.८ सीजीपीएचे यांच्या हिशेबानं २.१ झाले, खरे २.३. जर्मनीत आकडा वाढला की ग्रेड घसरते, त्यामुळे माझ्या खऱ्या ग्रेडला न बसणारी दोन विद्यापीठं विनाकारण यादीत आली. "जर्मनीत शिक्षण फुकट" हेही अर्धंच. होहेनहाइम यांनीच सुचवलं, पण ते बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये येतं आणि तिथं आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, हे मला वेबसाइटवर कळलं.

इथपर्यंत वाचून वाटेल की शून्य द्यावा. मलाही तसंच वाटत होतं. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. तिथं कागदपत्रं तपासायला एक मॅडम होत्या, वय माझ्याएवढंच. पहिल्याच दिवशी त्यांनी बारावीची मार्कशीट आणि पासपोर्ट शेजारी ठेवले आणि आडनावावर पेन्सिल टेकवली. एकीकडे ‘ए’, दुसरीकडे ‘ई’. पाच वर्षांत हे ना मला दिसलं, ना कॉलेजला. "आत्ताच दुरुस्त करा, मार्चमध्ये रडाल," म्हणाल्या. शाळेमार्फत अमरावतीच्या विभागीय मंडळात अर्ज, दारव्ह्याला चार चकरा, दोन महिने. हेच मार्चमध्ये निघालं असतं तर माझं वर्ष गेलं असतं. कोणत्या कागदाच्या किती प्रती, कोणत्या रंगाचं स्कॅन, शेवटची तारीख कोणती, हे सगळं त्यांनी एका एक्सेलमध्ये करून दिलं. ती शीट मी अजून वापरतो. २८ हजारांतले दहा त्या मॅडमचे, असं मी धरतो.

चारपैकी एका ठिकाणी प्रवेश मिळाला. ब्लॉक्ड अकाउंटच्या (व्हिसासाठी तिथल्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) ११,९०४ युरोंचं काय, ते विचारू नका. आमच्या सहा एकरांचं आठ वर्षांचं सोयाबीन होतं ते. बँकेचा अनुभव वेगळा लिहीन.

तर सल्ला असा लिहिला होता: लेटर स्वतः लिहा, फी स्वतः भरा, फक्त कागद तपासायला त्या मॅडमकडे जा आणि तेवढ्याचेच पैसे ठरवा. अडीच स्टार. गुगलवर अर्धा देता येत नाही, म्हणून तीन देणार होतो.

पोस्ट करायच्या आधी, नाव लिहिलेलं चालेल का हे विचारायला मॅडमना फोन केला. त्यांनी फेब्रुवारीतच नोकरी सोडली, आता नागपूरला असतात. त्यांच्या जागेवर कोण आलं, विचारलं. "कोणी नाही. सर स्वतःच बघतात."

एक दिला.