हेलिकॉप्टरच उडवायचंय: विंग्ज एअरफोर्सच्या की आर्मीच्या?

जेटचं वेड असेल तर पुढचं वाचू नका, आर्मीत ते मिळणार नाही. हे लिहितोय ते ज्यांना हेलिकॉप्टरच हवंय त्यांच्यासाठी.

एअरफोर्सचा रस्ता सरळ. दुंडीगलच्या अकादमीतून फ्लाइंग ऑफिसर होऊन बाहेर पडता, तेव्हाच छातीवर विंग्ज, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, असतात. आर्मीत, निदान माझ्या वेळी तरी, आधी युनिटमध्ये घाम गाळायचा, मग आर्मी एव्हिएशनसाठी, म्हणजे आर्मीच्या हवाई शाखेसाठी, नाव द्यायचं आणि सीओ, म्हणजे युनिटचा प्रमुख, कधी सोडतो याची वाट बघायची. विंग्ज मिळायच्या त्या नाशिकला, गांधीनगरच्या कॅट्समध्ये, म्हणजे आर्मीच्या उड्डाण प्रशिक्षण शाळेत. तोवर एअरफोर्समधले बरोबरीचे कितीतरी तास उडून झालेले असतात. हे बोचतं, नाही म्हणत नाही.

तरी मी आर्मी धरली, ती एका कटकटीपायी. एअरफोर्समध्ये सुरुवातीचं उड्डाण सगळ्यांचं एकत्र. फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर ही वाटणी नंतर. पसंती विचारतात, पण निकाल लागतो तो गुणांवर, प्रशिक्षकांच्या मतावर आणि त्या वेळच्या गरजेवर. माझ्या ओळखीतला एक जण हेलिकॉप्टरसाठी झुरत होता, त्याच्या वाट्याला ट्रान्सपोर्ट आलं. खूश आहे म्हणतो, असेलही. मला मात्र एवढी वर्षं घालवून वर चिठ्ठी टाकल्यासारखं वाटलं असतं. आर्मी एव्हिएशनमध्ये हा प्रश्नच येत नाही: चेतक, चीता, ध्रुव, रुद्र, प्रचंड, आता अपाची, सगळी हेलिकॉप्टरंच.

सियाचिनवर दोघंही उडतात, त्यात डावंउजवं करणार नाही. पण पायदळात राहून आलेल्याला खाली रॉकेल आणि टपालाची वाट बघणारा जवान वेगळा दिसतो, असं मला आपलं वाटतं. मूळही तेच: तोफखान्याच्या एअर ओपीतून, म्हणजे तोफांसाठी हवेतून टेहळणी करणाऱ्या तुकड्यांतून, 1986 साली आर्मी एव्हिएशन ही स्वतंत्र कोअर झाली.

मुलींच्या बाबतीत एअरफोर्सचा अनुभव जुना. तिथे नव्वदच्या दशकापासून महिला हेलिकॉप्टर उडवतायत. आर्मीत कॅप्टन अभिलाषा बराक यांना विंग्ज मिळाल्या त्या 2022 मध्ये. घरच्यांना विंग्जची घाई असेल तरीही एअरफोर्सच बरी.

दोन्हीकडे वैमानिक होण्यासाठीची अभियोग्यता चाचणी, पीएबीटी, म्हणजे आताची सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. एनडीएच्या वेळी एअरफोर्सचा कॉल आला म्हणून सहज बघून येऊ म्हणत गेलात आणि नापास झालात, तर आर्मीच्या विंग्जही गेल्या.