फोटोत दिसले ते खुंटे

माझ्या टेबलावर एक लोखंडी खुंटा पडलाय. जस्ताचा मुलामा, खालचा भाग स्क्रूसारखा पिळदार, वर कडी. मोजपट्टी लावली तर कडीपासून टोकापर्यंत पंधरा इंच. कडीखाली दुकानाचं लेबल अजून अर्धवट चिकटलेलं आहे, त्यावर कुत्र्याचं चित्र आहे. अंगणात कुत्रा बांधायला लोक हा खुंटा घेतात. माझी पावणेपाच टनांची शिडाची बोट कॅटेगरी ४ च्या (पाचपैकी चौथ्या पायरीच्या) वादळात असल्या सहा खुंट्यांना बांधलेली होती, आणि त्या कामाचे मी १,८५० डॉलर मोजले होते.

माझ्या ओळखीतल्या चार मराठी घरांच्या बोटी फ्लोरिडात आहेत. त्यातल्या दोघांनी गेल्या महिन्यात मला विचारलं, वादळाआधी बोट बांधून देणारं कुणी माहीत आहे का? फोनवर सांगताना निम्मं राहून गेलं, म्हणून सगळं लिहून काढतो आहे.

मी अटलांटाला राहतो. बोट ३० फुटी, जुनी, २०१९ साली घेतलेली. हिवाळ्यात फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शार्लट हार्बर या खाडीत फिरवायची आणि उन्हाळ्यात पुंटा गोर्डाजवळच्या एका यार्डात पाण्याबाहेर काढून ठेवायची, असा आमचा क्रम. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिकडचा वादळांचा मोसम. लांब राहणारे बरेच मालक हेच करतात.

ज्यांनी शिडाची बोट जमिनीवर उभी केलेली पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण फसवणूक नेमकी कुठे झाली ते त्याशिवाय कळणार नाही. बोटीचं सगळं वजन खालच्या कीलवर, म्हणजे तळाच्या मधोमध असलेल्या जड कण्यावर असतं आणि कील लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली असते. दोन्ही बाजूंना लोखंडी तिकाटण्यांसारखे जॅकस्टँड लावतात. ते वजन उचलत नाहीत, बोट कलंडू नये एवढंच त्यांचं काम. स्टँडच्या पायाखाली प्लायवूडचे तुकडे हवेत, नाहीतर पावसाने जमीन मऊ झाली की पाय रुततात. समोरासमोरचे दोन स्टँड बोटीच्या पोटाखालून साखळीने जोडायचे, कारण वाऱ्यात बोट थरथरते आणि त्या थरथरीने स्टँड हळूहळू बाहेर सरकतो. एक स्टँड सुटला की बोट गेली, आणि ती पडते ती शेजारच्या बोटीवर. शेजारची तिच्या शेजारणीवर. म्हणून वरून पट्टे टाकून बोट जमिनीला आवळतात. पट्टे पॉलिएस्टरचे लागतात. नायलॉन ताणतो. धक्क्याला बांधताना ते चांगलं असतं, इथे मात्र त्यामुळे बोटीला डोलायला जागा मिळते. शिडं, ताडपत्र्या, छत, जे जे वारा धरेल ते उतरवायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो, हे शाळेत शिकलेलं गणित इथे डोळ्यांनी दिसतं.

आणि हे सगळं शेवटी जमिनीतल्या खुंट्यावर येऊन थांबतं. काही यार्डांत काँक्रीटमध्ये कड्या बसवलेल्या असतात. आमच्या यार्डात जमीन होती शिंपल्यांच्या पांढऱ्या चुऱ्याची. तिथे लांब, पिळाचे, मशीनने घुसवायचे खुंटे लागतात. तिकडे मोबाइल होम, म्हणजे बाहेरून आणून ठेवलेली तयार घरं जमिनीला बांधतात, तसले.

मे २०२२ मध्ये बोट बाहेर काढली तेव्हा यार्डवाल्यांनी स्वच्छ सांगितलं की आम्ही बोट उचलून स्टँडवर ठेवतो, बांधायचं काम तुमचं. बाहेरची माणसं येतात, त्यांच्याशी तुम्ही बोला. असा तो माणूस भेटला. साधा, मृदू बोलणारा, दोन पानी छापील करार हातात. त्यात होतं: चार फुटी सहा खुंटे मशीनने बसवणे, सगळे स्टँड साखळीने जोडणे, वादळाला नाव पडलं की शिडं उतरवून केबिनमध्ये ठेवणे, पट्टे आवळणे, फोटो पाठवणे. निम्मे पैसे जूनमध्ये, निम्मे फोटो आल्यावर.

मी त्याला बरेच प्रश्न विचारले होते. १३ ऑगस्ट २००४ ला चार्ली वादळ कायो कोस्टा बेटावरून आत शिरलं आणि पुंटा गोर्डाची धूळधाण करून गेलं. त्या वेळी यार्डांत बोटी कशा एकीवर एक पडल्या, नुसत्या स्टँडवरच्या कोणत्या पडल्या आणि बांधलेल्या कोणत्या तगल्या, हे त्याने मला उभ्या उभ्या अर्धा तास समजावलं. नायलॉन आणि पॉलिएस्टरमधला फरक मला त्यानेच सांगितला. वर लिहिलेल्यातलं निम्मं मी त्याच्याकडूनच शिकलो. त्याने सांगितलेली एकही गोष्ट खोटी नव्हती. कामाची एवढी जाण असलेला माणूस ते काम करणारच नाही, हे माझ्या मनातही आलं नाही.

२३ सप्टेंबरला रात्री वादळाला इयन हे नाव पडलं. अंदाज बदलत होता, पण काही दिवस रोख टाम्पाच्या बाजूला होता. आम्ही त्याच्या दक्षिणेला, त्यामुळे थोडे निर्धास्त. मग रेषा हळूहळू खाली सरकायला लागली. २६ तारखेला संध्याकाळी त्याचे सहा फोटो आले. चार फोटोंत बोटीवरून गेलेले निळे पट्टे, ताठ. दोन फोटो अगदी जवळून घेतलेले: मशीनने जमिनीत शिरणारा जाडजूड खुंटा, आणि पुरता आत गेल्यावर वर राहिलेली कडी. मी लगेच उरलेले ९२५ डॉलर मोबाइलवरून थेट त्याच्या खात्यात टाकले.

तेच फोटो मी देवगडला दादाला पाठवले. आमचं घर मच्छीमारांचं. २००९ च्या फयान वादळानंतरचे दिवस दादाने पाहिलेत, त्यामुळे वादळ म्हटलं की तो गंभीर होतो. त्याचा उलट एकच प्रश्न आला: "खुटो किती खोल गेलो हा रे?"

मी लिहिलं, चार फूट, करारात आहे. त्यावर तो काही बोलला नाही.

२८ सप्टेंबरला दुपारी इयन कायो कोस्टावर धडकलं, चार्लीसारखंच, ताशी १५० मैलांच्या वाऱ्याने, आणि मग पुंटा गोर्डाच्या अंगाने आत शिरलं. फोर्ट मायर्स बीचवर समुद्र घरांवरून गेला, माणसं गेली. त्या दुःखापुढे माझी बोट काहीच नाही, हे मला ठाऊक आहे.

यार्डात जाऊ द्यायला लागले तेव्हा मी नऊ तास गाडी चालवून पोचलो. बोट डाव्या कुशीवर पडली होती, आणि नुसती जमिनीवर नाही, शेजारच्या बोटीवर. माझी डोलकाठी तिच्या केबिनच्या छपरातून आत घुसली होती. पुढच्या तारेवर माझ्या मोठ्या शिडाच्या चिंध्या लोंबत होत्या. म्हणजे शीड उतरवलेलंच नव्हतं. गुंडाळलेलं शीड वाऱ्याने उलगडलं आणि त्याच्या फडफडीने सगळी बोट हलवून सोडली. साखळी फक्त पुढच्या एका जोडीला होती, फोटोत दिसणाऱ्या.

पट्टे मात्र सगळे शाबूत. एकही तुटला नव्हता. मी एक पट्टा उचलला तर दुसऱ्या टोकाला काहीतरी लोंबत वर आलं. तोच हा खुंटा, गाजर उपटावं तसा उपटून आलेला. बाकीचे पाचही तसेच. वरची कडी दोन्ही प्रकारच्या खुंट्यांची सारखीच दिसते. जमिनीवर दोन इंच दिसतात, खाली पंधरा इंच आहेत की चार फूट, ते फोटोत कसं दिसणार?

शेजारच्या बोटीचे मालक ७३ वर्षांचे, आयुष्यभर शाळेची बस चालवलेले. ती बोट ते अकरा वर्षं स्वतःच्या हातांनी दुरुस्त करत होते. त्यांनी तिला स्वतः बांधलं होतं, नीट. माझी पडली नसती तर त्यांची उभी राहिली असती. ते माझ्याजवळ आले, खुंटा हातात घेऊन बघितला, परत दिला आणि म्हणाले, हा माझ्याकडे आहे, आमच्या कुत्रीसाठी. त्यांचा आवाज जराही चढला नाही. मला मान वर करवेना.

त्या रात्री गाडीत बसून फोटो पुन्हा बघितले, या वेळी मोठे करून. जवळून घेतलेल्या दोन फोटोंतली माती काळी होती, कडीच्या बाजूला गवताची पाती होती. आमच्या यार्डात सगळीकडे पांढरा चुरा, गवताचं पातं नाही. हे ओळखायला दहा सेकंदं पुरली असती. यार्डात त्याच माणसाकडून काम करून घेतलेले आणखी चौघे निघाले. पाचही जणांनी फोन एकमेकांशेजारी धरले. पाचही फोनवर तीच काळी माती, तेच गवत.

त्याचा नंबर बंद. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कंपन्यांची नोंद कुणालाही फुकट बघता येते. तिथे त्याची कंपनी वर्षभरापूर्वीच बाद झालेली दिसली. त्याने दिलेल्या विम्याच्या प्रमाणपत्रावर एजंटचा फोन होता. मी तो पहिल्यांदा लावला तो ऑक्टोबरमध्ये. पॉलिसी कधीच संपली होती. हा फोन जूनमध्ये केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलिसांकडे तक्रार केली, राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे सरकारी मुख्य वकिलाकडे केली. फ्लोरिडात ८,००० डॉलरपर्यंतचे दावे स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय लावता येतात, तोही लावला. तो हजरच राहिला नाही, निकाल माझ्या बाजूने लागला. आजवर एक पैसा मिळालेला नाही. क्रेडिट कार्डाने दिले असते तर बँकेकडे निदान हरकत घेता आली असती. थेट खात्यात टाकलेले पैसे मी स्वतः पाठवलेले, त्यामुळे बँकेने हात वर केले.

माझ्या विम्याने बरीच चौकशी करून बोटीचे पैसे दिले, नाव पडलेल्या वादळासाठी मालकाने सोसायची दहा टक्के कपात कापून. शेजाऱ्यांच्या बोटीला स्वतःचा विमा नव्हता. माझ्या विमा कंपनीचं म्हणणं पडलं की वादळाने केलेलं नुकसान, तुमचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. मी करार, फोटो, खुंटा सगळं त्यांच्यापुढे ठेवलं होतं. तरी शेजाऱ्यांना काही मिळालं नाही. माझ्या बोटीवरून वाचलेली विंच, ऑटोपायलट, नांगर आणि साखळी मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी घेतली. तेवढ्याने फिटलं असं मी मानत नाही.

आता दोघांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. माणूस शोधायचा तो एप्रिल-मे मध्ये. हरिकेन वॉच (वादळ येऊ शकतं असा इशारा) निघतो तो वादळी वारे पोचायच्या ४८ तास आधी, वॉर्निंग (येणार असा इशारा) ३६ तास आधी. तोवर चांगल्या माणसांकडे कुणासाठी वेळ उरत नाही, जो लगेच हो म्हणतो त्याचीच भीती धरा. खुंटे बोट बाहेर काढली त्याच दिवशी, तुमच्या समोर बसले पाहिजेत. जमिनीत जाण्याआधी प्रत्येक खुंट्याला मोजपट्टी लावा. लाजू नका. मी लाजलो होतो, समोरचा एवढा जाणकार, त्याच्यासमोर पट्टी कशी काढायची म्हणून. असल्या जमिनीत चार फुटी खुंटा नुसत्या हाताने फिरवून सहसा आत जात नाही, मशीन लागतं. मशीन आलंच नसेल तर खुंटा बसलेला नाही. शिडं स्वतः उतरवून घरी न्या, ते काम दुसऱ्या कुणावर सोडण्यासारखं नाही.

लांब राहत असाल तर फोटो मागू नका, न थांबवलेला व्हिडिओ मागा. बोटीच्या मागच्या फळीवर उजव्या बाजूला वर बारा अक्षरा-अंकांचा हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक असतो. व्हिडिओ तिथून सुरू व्हावा आणि मध्ये न तुटता प्रत्येक स्टँड, प्रत्येक साखळी, प्रत्येक कडी दाखवत पुन्हा त्या नंबरावर यावा. कडीत पहार घालून ती कॅमेऱ्यासमोर वर ओढायला सांगा. पैसे त्यानंतर, कार्डाने. यार्डात बाराही महिने असणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याशी ओळख ठेवा, तो पायाने कडी ढकलून बघेल तेवढंही पुष्कळ.

२०२४ मध्ये सप्टेंबरच्या शेवटी हेलीन वादळ आलं, मग ९ ऑक्टोबरला मिल्टन वादळ फ्लोरिडाच्याच किनाऱ्यावरच्या सिएस्टा की बेटावर आलं. त्यानंतर थोड्या दिवसांनी आमच्यातल्या एकाने मला बोटी बांधून देणाऱ्याची एक जाहिरात पाठवली. कंपनीचं नाव वेगळं, फोन नंबर वेगळा. खाली कामाचा नमुना म्हणून फोटो होता: काळी ओलसर माती, मशीनने अर्धा आत गेलेला जाड खुंटा, डाव्या कोपऱ्यात गवताची तीन पाती, त्यातलं मधलं मोडलेलं. मी ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाला दोन्ही फोटो शेजारी लावून पाठवले आहेत. तुम्हाला हा फोटो कुणी पाठवला तर पैसे देऊ नका, आणि मला कळवा.