मोल्सवर्थ ऑनलाइन: एक शब्द बघायला गेलो अन् रात्र गेली

भाच्याने विचारलं, मामा ते "मोहीम फत्ते" मधलं फत्ते म्हणजे नेमकं काय रे? एका ॲपवर बघितलं (नाव नाही घेत) तर फत्ते म्हणजे विजय, संपलं. एवढं तर त्यालाही माहीत होतं! मग शिकागो विद्यापीठाची डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया ही साइट उघडली. तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ ची दुसरी आवृत्ती, फुकट, देवनागरीत शब्द टाकायचा की झालं.

खासियत म्हणजे शब्दापुढे कंसात एक अक्षर असतं, ए असेल तर अरबी, पी असेल तर फारसी, एस म्हणजे संस्कृत. फत्ते निघाला अरबी. गड घेतल्यावर आपण ज्या शब्दाने छाती फुगवतो तो अरबी, भाचा गारच पडला. पुढचं मात्र तुमचं तुम्ही शोधायचं, मूळ धातूत मोल्सवर्थ फारसा शिरत नाही. अरबीत फ-त-ह म्हणजे उघडणे. किल्लीला मिफ्ताह म्हणतात, कुराणाचा पहिला अध्याय फातिहा, सगळं एकाच घरातलं. दरवाजे उघडले की फत्ते, मग किल्ल्यांच्या मुलखात हा शब्द रुजणार नाही तर काय! (फत्तेपूर सीकरीला सुद्धा लोक आधी बघतात तो बुलंद दरवाजाच.)

खरी मजा उलट्या शब्दात आहे, शिकस्त. फारसीत शिकस्तन म्हणजे मोडणे, त्यावरून शिकस्त म्हणजे पराभव, हिंदी-उर्दूत आजही तोच अर्थ. आणि आपण म्हणतो "प्रयत्नांची शिकस्त केली", म्हणजे जीव तोडून केलं. मोडतोड तीच, फक्त शत्रूच्या हातून नाही, आपली आपणच. हरण्याचा शब्द असा वळवून घेतलेला बघून मी तर भाषेवर फिदा झालो.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण अर्थ इंग्रजीत आहेत आणि इंग्रजीही त्या काळातली, शाळेतल्या पोराला जड जाते. मराठीतून हवं असेल तर त्याच साइटवर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तो शेजारच्या टॅबमध्ये उघडून ठेवा. आणि शब्द सापडला नाही तर लगेच वैतागू नका, जुनं शुद्धलेखन वेगळं होतं, ऱ्हस्व-दीर्घ बदलून, जोडाक्षर सोडवून बघा, फत्तेचं फते करून वगैरे.