सायलेन्सरची पुटी, पट्टी आणि क्लॅम्प: सात-आठ महिन्यांत काय टिकलं, काय निघून आलं

गाडी जुनी, पेट्रोलची. गळती दोन ठिकाणी होती. मधल्या पाइपला गंजून पडलेलं करंगळी जाईल एवढं भोक, आणि मागच्या सायलेन्सरच्या शिवणीवर बोटभर लांबीची चीर. दोन्ही कामं घरीच केली आणि सामान मुद्दाम वेगवेगळं वापरलं. पाइपवर स्टेनलेस स्टीलचा रुंद बँड क्लॅम्प (पाइपभोवती नटाने आवळायचा पत्र्याचा पट्टा), शिवणीवर डब्यातली उष्णतारोधक पुटी. निकाल आधीच सांगतो: क्लॅम्प पहिल्या दिवसासारखा घट्ट आहे. पुटी मात्र काही आठवड्यांतच तडकली.

पुटीच्या डब्यावर लिहिलेलं तापमान खोटं नसतं. अशा बऱ्याच पुटींचा पाया सोडियम सिलिकेटचा असतो, तापून ती दगडासारखी कडक होते आणि सायलेन्सरच्या उष्णतेने तिला काही होत नाही. तिला मारतो तो पाइपचा हलता स्वभाव. एक मीटर लांबीचा स्टीलचा पाइप ३०० अंशांनी तापला की साधारण साडेतीन मिलीमीटर वाढतो, थंड झाला की पुन्हा आखडतो. वर इंजिनाची थरथर आणि रस्त्याचे दणके. पुटीला ताणणं माहीतच नाही, त्यामुळे ती आधी कडेने सुटते. माझ्याकडची सुटली तेव्हा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पोकळ वाजत होती आणि नखाने सबंध खपली निघून आली. खपलीच्या मागे धातूचा बारीक गंज चिकटलेला, म्हणजे पुटीने धातूला नाही, गंजाला धरलं होतं. वायर ब्रशने वरवर घासून भागत नाही, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारावाच लागतो.

दुसऱ्या खेपेला पत्रा नीट घासून पुटीचा पातळ थर दिला आणि वरून फायबरग्लासची रेझिन लावलेली पट्टी ओढून गुंडाळली. पहिल्यांदा तापताना तिचा धूर आणि वास चांगलाच येतो, घाबरू नका. हे जोडकाम अजून धरून आहे, कडेला थोडं काळवंडलंय एवढंच. पट्टी गुंडाळताना सायलेन्सरच्या बुडाशी पाणी झिरपायला ठेवलेलं बारीक छिद्र असेल तर ते बुजवू नका. लिटरभर पेट्रोल जळून जवळपास लिटरभरच पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत सायलेन्सर पुरता तापतच नाही, पाणी आत साचतं आणि आतूनच पत्रा खातं. बाहेरून ठीक दिसणारा सायलेन्सर अचानक फुटतो तो असा.

आता क्लॅम्पबद्दल, कारण पैसे वसूल झाले ते इथे. माप घ्यायला पाइपभोवती दोरा गुंडाळायचा, लांबी मोजून ३.१४ ने भागायची, आला बाहेरचा व्यास. अंदाजाने घेतलेला क्लॅम्प एक तर बसत नाही, नाहीतर पूर्ण आवळूनही फिरतो. यू-बोल्टचा क्लॅम्प स्वस्त असतो, पण तो पाइप चेपतो आणि पुढे जोड सोडवायची वेळ आली की रडवतो. बँड क्लॅम्प सगळीकडून सारखा दाबतो. भोकाच्या आजूबाजूचा पत्रा आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिला. तो आत गेला असता तर क्लॅम्पचा उपयोग नव्हता, पाइपचा तेवढा तुकडाच बदलावा लागला असता. क्लॅम्पखाली पुटीचा हलका हात फिरवला होता. तिथे ती अजून शाबूत आहे, कारण दोन पत्र्यांमध्ये दाबलेल्या पुटीला सुटायला जागाच नाही. गाडी एकदा चांगली तापवून, पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा आवळला.

शिवण मुळात फाटली कशाने, हे गाडीखाली गेल्यावर कळलं. सायलेन्सर लोंबता ठेवणारं एक हँगर रबर तुटलं होतं, त्यामुळे सगळं वजन शिवणीवर येत होतं. ते बदललं नसतं तर पट्टीही गेली असती. नवं रबर चढवताना साबणाचं पाणी लावलं की सरकन बसतं. सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही.

गळती शोधायला साबणाचाच फेस कामाला येतो. इंजिन थंड असताना चालू करायचं, मागच्या नळीच्या तोंडावर जाड फडकं धरायचं, जोडांवर फेस लावायचा. बुडबुडे आले की जागा सापडली. काजळीचे काळे ओघळही तेच सांगतात.

गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, सपाट जमिनीवर जॅक स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. पुटी सुकवायला इंजिन चालू ठेवावं लागतं, ते उघड्यावरच. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही.

हे सगळं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या, मागच्या भागापुरतं. त्याच्या पुढे, मॅनिफोल्डकडे (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्यांकडे) गळती असेल तर पुटीच्या वाटेला जाऊ नका. सुटलेले तुकडे कन्व्हर्टरमध्ये अडकू शकतात. शिवाय धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी वाटतं आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल ओतत राहतं. लवचिक जाळीचा पाइप फाटला असेल तरी पट्टी लावू नये. त्याचं कामच वाकण्याचं आहे.

क्लॅम्प पुन्हा डोळे झाकून घेईन. पुटी घेईन, पण क्लॅम्प किंवा पट्टीच्या खाली लावायलाच. मागचा सायलेन्सर पट्टीवर आणखी काही महिने काढेल असं वाटतं. पट्टी सुटली की थेट नवा सायलेन्सर, तिसऱ्यांदा घासत बसणार नाही.