कबरीची पाटी: काम चोख, तारीख बेभरवशाची

कबरीवर पाटी बसवायची असेल तर जालन्यातल्या या दुकानात बिनधास्त जा, फक्त सण तोंडावर असताना जाऊ नका. ईस्टरच्या आधी देतो म्हणाले आणि ईस्टर होऊन गेल्यावर दिली. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला अख्खी मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची सगळी माणसं, कबरस्तानात जमली, तेव्हा अण्णांच्या कबरीवर नुसता चुन्याचा हात फिरवलेला. त्याचा एक तारा कापला.

अण्णा म्हणजे माझे वडील. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले, १९७१ च्या लढाईचं संग्राम पदक होतं, आणि पुढं शेवटपर्यंत आमच्या मंडळीचे डीकन, म्हणजे चर्चचे सेवक. पाटीवर काय लिहायचं यावर घरात जुंपली. भावाला पदक हवं, आईला बायबलमधलं वचन, काकांना किल्लारी. १९९३ च्या भूकंपानंतर मंडळीनं कपडे-भांडी भरून ट्रक पाठवला होता, त्यात अण्णा बसून गेले. तिथं कपडे वाटायचं दुसऱ्यांवर सोपवून हे संडासाचे चर खणायला लागले, कारण पलटणीचा तळ पडला की आधी ते काम, मग चूल.

मला स्वतःला वेगळंच हवं होतं. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी फौजींच्या विधवा आमच्या ओट्यावर यायच्या. डिस्चार्ज बुकात 'सखूबाई' आणि बँकेत 'सखुबाई', एवढ्यावरून पेन्शन अडायची. अण्णा अर्ज लिहायचे, अंगठा घ्यायचे आणि त्या बाईला सोबत घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात जायचे. २०१३ च्या दुष्काळात चर्चच्या बोअरवर वही घेऊन तेच बसलेले असत. डीकनच्या घरची घागरही रांगेतच. आईचा त्यावरचा राग अजून गेलेला नाही.

हे सगळं मी फुलस्केपवर लिहून नेलं. दुकानाचे मालक, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं आणि कागद परत दिला. "बेटी, वाचणारा उन्हात उभा असतो. नाव, हुद्दा, तारखा, एक वचन. बाकीचं शोकसभेच्या पत्रिकेत छापा." अक्षरामागं पैसे घेणारा माणूस अक्षरं कमी करायला सांगतो म्हटल्यावर मी दुसरीकडं जायचा विचारच सोडला. (जोडाक्षर एकच धरतात, काना-मात्रेचे पैसे नाहीत. हे मी विचारून घेतलं.)

त्याआधी एका ठिकाणी चौकशी केली होती, तिथं लेसरचाच आग्रह, फोटोसकट. लेसरमध्ये काळ्या ग्रॅनाइटची वरची चकाकी तेवढी उडते, बोट फिरवलं तर खोली लागत नाही. इथं रबरी शीट चिकटवून त्यात अक्षरं कापतात आणि वाळूचा मारा करतात. अक्षर नखाला लागतं. मारा करण्याआधी कापलेली अक्षरं सोलताना 'हवालदार'मधल्या 'व'च्या पोटातला तुकडाही निघून आला, तर तिथला पोरगा तो चिमट्यानं उचलून परत जागेवर बसवत होता. तो बसवायचा राहून गेला असता तर 'व'चं पोट खड्ड्यात गेलं असतं.

रेजिमेंटचं चिन्ह म्हणून आधी त्यांनी इंटरनेटवरून कुठल्या तरी दोन तलवारी काढून लावल्या होत्या. मी अण्णांच्या टोपीचा बिल्ला नेऊन दाखवला. त्यात एकमेकींवर तिरप्या दोन मशीनगन आणि मध्ये खंजीर आहे. तो स्कॅन करून चित्र पुन्हा काढलं, जादा पैसे न घेता. मग कागदावरचा नमुना मोठ्यानं वाचून दाखवायला लावला आणि त्यावर सही घेतली. शुद्धलेखनाची चूक निघाली तर भांडण नको म्हणून, असं चाचा म्हणाले.

शेवटी नाव, हुद्दा, '१९७१', डीकन आणि आईचं सुयुद्धाचं वचन, २ तीमथ्य ४:७, एवढं बसलं. किल्लारी गेली. काका पाटी बघायला आले आणि पहिलं तेच विचारलं.

दगड, कोरणी आणि रंग मिळून साडेनऊ हजार झाले. ग्रॅनाइटला भाव जास्त पडतो. संगमरवर स्वस्तात बसतो असं सांगणारे भेटतील, पण आमच्या कबरस्तानातले जुने संगमरवर पिवळे पडलेत आणि त्यांवरची नावं वाचायला पाणी मारावं लागतं. अक्षरांत सोनेरी रंग भरायचा मोह टाळा, उन्हात तो काळवंडतो. आम्ही पांढरा घेतला. बसवणारा मिस्त्री दुकानाचा नाही, त्याचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवून घ्या आणि तो काम करताना स्वतः उभे राहा. आमच्याकडं पाटी सपाटच टाकत होता. पाणी साचू नये म्हणून डोक्याकडची बाजू चार बोटं उचलायला लावली.